न पुसलेला डबा

खोकला हटेना म्हणून काढलेला आईच्या छातीचा फोटो डॉक्टरबाईंनी पडद्यावर आणला, आणि लेकीची नजर सर्वांत आधी गेली ती फोटोच्या वरच्या कडेच्या बारीक निळ्या रेघेवर. ती रेघ तिच्या घरची होती. म्हणजे कचेरीतली, पण जागेपणाचा जास्त वेळ जिथे जातो त्याला घर म्हणायचं झालं, तर घरचीच. एक्स-रे यंत्रातून निघणारा फोटो कच्चा असतो, रवाळ आणि धुरकट. त्याला निवडून-पाखडून, हाड हाडासारखं आणि हवा हवेसारखी दिसेल असा करणारा प्रोग्रॅम तिची कंपनी बनवत असे. ज्या फोटोवर ती निळी रेघ, तो त्यांच्या हातून गेलेला.

"आई, हे आमचं आहे," ती आईच्या कानाशी लागून म्हणाली.

"काय, माझी छाती?"

"फोटो साफ करणारा प्रोग्रॅम गं."

"मग नीट बघ बाई. तू घासलेली भांडी मी अजून परत घासते."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं आणि पेनाचं टोक पडद्याच्या उजव्या बाजूच्या अगदी खालच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"इथे एक सावली दिसतेय. सावली काहीही असू शकते, लगेच घाबरायचं नाही. पण बघून न बघितल्यासारखं करण्याजोगी नाही. मोठ्या यंत्रात स्कॅन करू. तिथे नंबर लागायला थोडा वेळ लागतो. त्यात काही निघालं, तर मग सुईने तुकडा काढून तपासू."

आईने मान हलवली. शिवणाचं माप सांगताना गिऱ्हाईक मान हलवतं तशी. सगळं कळल्यासारखी, खरं तर काहीच न कळता. तिचे हात मांडीवर होते आणि अंगठा पदराच्या काठावरून पुढे-मागे फिरत होता, जणू टाके मोजत होता.

लेक सावलीकडे बघत राहिली. लहानपणापासून तिने आईला चौकडीचं कापड जोडताना पाहिलं होतं. बाहीची रेघ अंगाच्या रेघेला मिळाली नाही की आई शिवण उसवायची, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. त्या डोळ्यांनी आता तिला दिसलं की बरगडीची एक रेघ कोपऱ्यापाशी येते आणि पुढे केसभर खाली सरकून चालू लागते. आणि बाकीचा फोटो सायीसारखा मऊ असताना तो कोपरा मात्र रवाळ होता.

तिच्या मनात काहीतरी उठलं. ती भीती नव्हती, आणि तेच तिला भीतीपेक्षा वाईट वाटलं. तो संशय होता.

बाहेर आल्यावर बाकड्यावर माणसं आपापल्या नंबरची वाट बघत बसली होती. थोड्या वेळापूर्वी आईच्या शेजारी एक पिवळ्या छत्रीची बाई बसली होती. आईच्या आधी तिचा फोटो निघाला आणि आईच्या आधीच ती डॉक्टरबाईंकडे जाऊन आली. बाहेर येताना तिने आईचा हात दाबला होता, "स्वच्छ निघालं हो माझं! तुमचंही निघेल," आणि छत्री फिरवत, सुटलेल्या वासरासारखी जिना उतरून गेली होती. आईने आता त्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि पिशवी उचलली.

घरापर्यंत दोघी चालत गेल्या. कोपऱ्यावरच्या चांभाराच्या दुकानाशी आई थांबली.

"डॉक्टरबाई बोलत होत्या तेव्हा तू त्यांच्याकडे बघत नव्हतीस."

"बघत होते की."

"मला शिकवू नकोस. तू कोपऱ्याकडे बघत होतीस. चोरीची गाय बांधून ठेवल्यासारखं तुझं तोंड झालं होतं. तुला काहीतरी माहितीये जे मला माहीत नाही."

"काही नाही गं आई."

"बरं. काही नाही तर काही नाही."

पण त्या दिवसापासून आई लेकीकडे तिरक्या नजरेने बघू लागली. लेक पाणी द्यायला आली तर आई आधी तिच्या तोंडाकडे बघे, मग पेल्याकडे. लेकीने फोन उचलून दुसऱ्या खोलीत नेला की आईचं शिवणयंत्र थांबे. आणि यंत्र चालू असलं की त्याच्या ठेक्यावर आईचं स्वतःचं जोडलेलं गाणं चाले. कधी मोठ्याने, कधी नुसतं ओठांत:

सुई गं चालते, धागा तिच्या पाठोपाठ,
लेक गं चालते, जीव माझा पाठोपाठ.

आधी हे गाणं ऐकलं की लेकीला झोप यायची. आता ऐकलं की ती दचकायची.

*

कचेरीत तिला सगळे 'घाई' म्हणत. हे नाव तिने कमावलं होतं.

फोटो साफ करायचा तर संगणकाच्या मेमरीत त्याला जागा लागते. एक डबा कच्च्या फोटोसाठी आणि एक स्वच्छ झालेल्यासाठी. पूर्वी त्यांचा प्रोग्रॅम प्रत्येक फोटोपाठीमागे संगणकाकडे जागा मागायला जायचा. संगणक जागा शोधायचा, पुसायचा, द्यायचा, आणि काम झालं की परत घ्यायचा. प्रत्येक पोळीला शेजारणीकडे नवा तवा मागायला गेल्यासारखं. निम्मा वेळ जाण्या-येण्यातच जाई. घाईने ती रीत मोडली. सकाळी प्रोग्रॅम उघडला की एकदाच ऐसपैस जागा मागून घ्यायची, तिच्यात आपले डबे आपण मांडायचे आणि दिवसभर तेच फिरवायचे. एका फोटोचं काम संपलं की त्याचे डबे पुढच्या फोटोला. आधीच्याचा कच्च्या मालाचा डबा पुढच्याच्या पक्क्या मालालाही चाले.

आणि पुसायचं? तेही तिने काढून टाकलं. नवा फोटो डब्यात आला की जुन्यावर चढणारच. मग रोज घासलेलं ताट पुन्हा घासायचं कशाला?

प्रोग्रॅम भन्नाट पळू लागला. गिऱ्हाइकांनी कौतुक केलं, मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर तिच्या हातात फुलं दिली. तेव्हा टाळ्या न वाजवता हाताची घडी घालून उभा असलेला एकच माणूस होता. त्याला सगळे 'शंकासुर' म्हणत. लोकांनी बांधलेल्यात चुका शोधायच्या, हाच त्याचा धंदा होता आणि हाच स्वभाव. घरी बायकोने चहा दिला तरी तो आधी वास घेतो, असं कचेरीत म्हणत.

दवाखान्यात जाऊन आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी घाई त्याच्याच टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिच्या मनात तेव्हापासून एक वेगळीच पाल चुकचुकत होती: याने तर काही केलं नाही ना? फुलं मिळाली त्या दिवसापासून हा नीट बोललेला नव्हता.

"मागच्या महिन्यात तू माझ्या डब्यांच्या भागाला हात लावलास?"

"सुप्रभात तुलाही," शंकासुर म्हणाला. "मी हात लावत नाही. मी फक्त बोट दाखवतो. काय झालं?"

तिने सांगितलं. रवाळ कोपरा, सरकलेली बरगडी. फोटो कोणाचा ते मात्र सांगितलं नाही. पण सांगताना तिचा आवाज मधेच तुटला, आणि शंकासुराने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"फोटो कोणाचा आहे?"

"कोणाचा का असेना."

"कोणाचा आहे, घाई?"

"आईचा."

त्याने शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग हळूच, त्याच्या मानाने खूपच हळू, म्हणाला, "बस. हे बघ, माझ्या वडिलांच्या वेळी मीही असाच होतो. रक्त तपासणारा चुकला, बाटल्या बदलल्या, चिठ्ठी दुसऱ्याची लागली. सगळ्या जगावर माझा संशय होता. एका गोष्टीवर सोडून."

"कुठल्या?"

"ते आजारी असतील यावर."

ती उठून उभी राहिली. "म्हणजे मी मनाचे खेळ करतेय?"

"म्हणजे तुला चूक सापडायला हवी आहे. ज्याला हवी असते त्याला ती सापडते. म्हणून तू शोधायची नाहीस. मी शोधतो."

तिला राग आला, आणि त्याच्या बोलण्यात खोट सापडेना म्हणून आणखी आला.

शोधायची त्याची रीत साधी होती. सगळ्या डब्यांत आधीच काळी-पांढरी चौकडी भरून ठेवायची, बुद्धिबळाच्या पटासारखी. मग फोटो साफ करायला लावायचा. प्रोग्रॅमने डबा नीट भरला तर चौकडी पूर्ण झाकली जाईल. कुठे जागा सुटली तर चौकडी तिथून डोळे मिचकावेल.

त्याने त्याच्या संग्रहातले सगळे फोटो एकामागून एक सोडले. छात्या, गुडघे, मनगटं, एका माणसाने गिळलेलं नाणं. चौकडी कुठेच दिसली नाही. प्रत्येक फोटो कडेपासून कडेपर्यंत सायीसारखा.

शंकासुराने तिच्याकडे बघितलं नाही. "मला वाईट वाटतं," एवढंच म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच आपलं काम बिनचूक निघाल्याचं तिला दुःख झालं. स्वच्छतागृहात जाऊन तिने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड रडून घेतलं. रडतानाही डोक्यात एकच फिरत होतं: बरगडी सरकली होती. मी पाहिलं. की मला पाहायचं होतं?

*

संध्याकाळी आई काजं करत बसली होती. लेक येऊन समोर बसली, आणि आईने सुई कापडात टोचून ठेवली.

"आता सांग. नाहीतर मी समजेन की डॉक्टरबाईंनी तुला वेगळं काहीतरी सांगितलंय आणि तुम्ही दोघी मिळून मला खेळवताय. मी झोपले नाहीये त्या दिवसापासून. आजाराने नाही, तुझ्या तोंडाने."

मग लेकीने सगळं सांगितलं. डबे, पुसणं काढून टाकलेलं, चौकडी आणि चौकडीचं न दिसणं. सांगता सांगता ती लहान झाली, आईच्या गुडघ्याला डोकं लावून बसली.

आईला निम्मं कळलं असेल. पण तिने मधेच विचारलं, "त्या तुझ्या माणसाने सगळे फोटो लावून बघितले ना? माझ्यासारख्या पाटीवरचे पण?"

"कसली पाटी?"

"ज्याला छाती टेकवून उभं करतात ती गं. मागच्या वर्षी टेकवली होती ती जुनी पाटी माझ्या मापाची होती. या खेपेला नवं यंत्र होतं. पाटी ऐसपैस. तो एक्स-रे काढणारा मला म्हणाला, आजी, थोडं इकडे, थोडं तिकडे. मी म्हटलं, बाबा रे, मोठ्या बहिणीचा झगा घातल्यासारखं वाटतंय मला."

लेकीने डोकं वर उचललं.

"मोठी म्हणजे किती?"

आईने हवेत हात धरले, आधी आडवे, मग उभे. "रुंदीला इतकी. आणि उंचीलाही थोडी."

लेक उठली. शंकासुराचे सगळे फोटो जुन्या पाटीच्या मापाचे होते.

*

सकाळी दोघांनी मिळून नव्या मापाचा एक कोरा फोटो बनवला. डब्यांत चौकडी भरली. शंकासुराने कळ दाबायच्या आधी तिच्याकडे बघितलं.

"तू त्या भिंतीकडे तोंड कर."

"का?"

"कारण तू बघितलंस तर तुला दिसेलच. मी बघतो."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर कोणीतरी चिकटवलेलं कॅलेंडर होतं, एका होडीचं चित्र. ती होडीकडे बघत राहिली. मागून काहीच आवाज आला नाही. मग खुर्ची करकरली.

"घाई."

"बोल."

"वळ."

फोटो कोरा होता, पांढरा, शांत. आणि उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे डॉक्टरबाईंनी पेनाचं टोक ठेवलं होतं, तिथे चौकडी होती. काळी, पांढरी, काळी, पांढरी.

चूक सापडायला मग वेळ लागला नाही. काम लवकर व्हावं म्हणून प्रोग्रॅम फोटोचे सारखे चौकोन पाडत असे. जुनी पाटी बरोबर वाटली जायची, काही उरायचं नाही. नव्या पाटीचे चौकोन पाडले की उजवीकडे एक पट्टी उरे आणि खाली एक. उजव्या पट्टीची सोय प्रोग्रॅममध्ये होती, खालच्या पट्टीचीही होती. पण दोन्ही पट्ट्या जिथे भेटतात तो कोपरा, दोन जावांनी अंगण झाडावं आणि मधला केर तिचा म्हणून दोघींनी सोडावा, तसा सुटला होता. ही वाटणी लिहिली होती त्यांच्या मुख्य माणसाने, ज्याला पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत. त्याने कोपरा सोडला, आणि हिने डबा पुसला नाही. डबा पुसलेला असता तर सुटलेला कोपरा नुसता काळा दिसला असता आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी ओरडलं असतं. दोन्ही घडलं, म्हणून कोपऱ्यात दुसऱ्याच कोणाचं तरी शरीर येऊन बसलं. डब्यात आधी जो होता त्याचं. कच्चं, रवाळ.

"आईची नाही," ती म्हणाली. "सावली आईची नाही." आणि ती हसायला लागली. शंकासुराच्या टेबलावरचा गार चहा तिने एका दमात पिऊन टाकला.

शंकासुर हसत नव्हता.

"काय झालं? आता तरी हस."

"तुझ्या आईचा कोपरा आधीच्या माणसाचा," तो सावकाश म्हणाला. "बरोबर? मग आधीच्या माणसाला स्वतःच्या कोपऱ्यात काय दिसलं असेल?"

तिचा हात पेल्यावरच राहिला.

आधीच्या माणसाच्या कोपऱ्यात त्याच्या आधीच्याचं. कोणाचं तरी निरोगी, स्वच्छ फुप्फुस. सावली आईच्या फोटोत उतरली, आणि जिची होती तिला कोरा कोपरा मिळाला. तिला सांगण्यात आलं, काही नाही, जा घरी.

पिवळी छत्री, गरगर फिरत जिना उतरणारी.

*

मोजपट्टीने सगळं ऐकलं, चौकडी दोनदा बघितली आणि दार लावून घेतलं.

"सर, दवाखान्याला आज सांगायला हवं."

"सांगू. सांगणार नाही असं कोण म्हणतंय?" तो हळू आवाजात बोलत होता, आणि हळू आवाजाचा तिला विश्वास वाटेना. "आधी दुरुस्ती करू. पुढच्या आवृत्तीत घालून सगळीकडे पाठवू. 'नव्या पाटीसाठी सुधारणा' असं लिहू. खोटं आहे का ते? नाही. तुझ्या आईचा स्कॅन होणारच आहे. तो स्वच्छ येईल. डॉक्टर म्हणतील, चला, सुटलो. कोणाला काही कळायचंही कारण नाही."

"आणि आधीची बाई?"

"कोण बाई?"

"माझ्या आईच्या आधीची."

"ती होती हे तुला कसं माहीत? मधे फोटो पुन्हा काढला असेल, क्रम बदलला असेल. तुझा अंदाज आहे हा." मग तो थोडा पुढे झुकला. "आणि पुसणं कोणी काढलं होतं, ते लोक विचारतील, घाई. फुलं कोणाला मिळाली होती तेही विचारतील. मला तुझी काळजी वाटते म्हणून सांगतोय."

तिने त्याच्या डोळ्यांत काळजी शोधली. असेलही. तिला सांगता आलं नसतं. पण वाटणी लिहिणाऱ्याचं नाव त्याने एकदाही घेतलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा शंकासुर दाराशीच उभा होता, बुटाची नाडी बांधल्याचं सोंग करत.

"ऐकत होतास?"

"माझा धंदाच आहे," तो म्हणाला. "चौकडीचा फोटो छापून घेतलाय. दवाखान्यात जाताना लागेल. मी येऊ का सोबत?"

"तुझा माझ्यावर विश्वास नाही. मी वाटेत माघार घेईन असं वाटतं ना तुला?"

"माझा कोणावरच नाही. चल."

*

डॉक्टरबाईंनी चौकडी बघितली आणि एक्स-रे काढणाऱ्याला बोलावलं. तो आला तोच भांडणाच्या तयारीने.

"मी फोटो अदलाबदल केले असं म्हणायचंय का? मी नाव दोनदा विचारतो, सगळ्यांना विचारतो. ह्यांच्या आईंनी तर मला वैतागून सांगितलं, अरे, मी अजून तीच आहे म्हणून!"

"तुम्ही काही केलं नाही," ती म्हणाली. "मी केलं. यंत्रात कच्चे फोटो असतात ना अजून? आमच्याकडे यायच्या आधीचे?"

"जागा भरेपर्यंत असतात."

"आईचा उघडाल? आणि तिच्या आधीचा?"

आईचा कच्चा फोटो आला. रवाळ, धुरकट, न पाखडलेला. बरगडीची रेघ सरळ कोपऱ्यात उतरत होती, कुठेही न सरकता, आणि कोपरा रिकामा होता. खोकल्याने थकलेल्या, म्हाताऱ्या, तिच्या लाडक्या हवेने भरलेला. डॉक्टरबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हातानेच खूण केली: पुढचा.

आईच्या आधीच्या फोटोत सावली होती. तीच, त्याच जागी, आपल्या माणसाच्या शरीरात.

डॉक्टरबाई खुर्चीत मागे टेकल्या. "मी तिला हसून घरी पाठवलं," त्या म्हणाल्या. आणि मग घाईकडे अशा नजरेने बघितलं की तिला ती नजर पुढे कितीतरी दिवस पाठीवर जाणवत राहिली. "नव्या यंत्रावरचे सगळे कच्चे फोटो मी आज स्वतः बघणार आहे. एकूण एक. तुमची निळी रेघ तोवर बंद."

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

*

पिवळ्या छत्रीच्या बाईला दवाखान्यातून फोन गेला, फोटो पुन्हा काढायचाय म्हणून. ती येणार त्या सकाळी आई लेकीच्या आधी तयार होऊन बसली होती.

"तू कशाला येतेस आई? तुझं स्वच्छ निघालं."

"तिने माझा हात दाबला होता," आई म्हणाली. "आणि त्यांना कोण सांगणार आहे, डॉक्टरबाई?"

"मी सांगते म्हटलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाकीचं त्या बोलतील, पण चूक कशी झाली ते मी सांगायचं."

"मग मला यायलाच हवं. तू सांगायला लागलीस की निम्मं गिळतेस."

बाकड्यावर ती बाई आधीच बसली होती. छत्री मांडीवर आडवी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आईला बघून तिने ओळखीचं हसू आणलं, आणि मग ते अर्ध्यावरच ठेवलं.

"तुम्ही? तुम्हालाही बोलावलंय? मी म्हटलंच. नवं यंत्र आणलंय ना, ते रिकामं कसं ठेवतील! एकाच कामाला दोनदा बोलावतात लोकांना." ती बोलत होती, पण तिचे डोळे आईच्या तोंडावरून लेकीच्या तोंडावर आणि परत फिरत होते. "काय हो? असं का बघताय माझ्याकडे?"

आई तिच्या एका बाजूला बसली. लेक दुसऱ्या बाजूला.

"ही माझी लेक," आई म्हणाली. "हिला काहीतरी सांगायचंय. आधी ऐकून घ्या, मग हवं ते बोला. मीही हिला बोलले आहे."

लेकीने सांगितलं. निम्मं न गिळता, डब्यापासून कोपऱ्यापर्यंत. सोपं करून सांगितलं, पण स्वतःसाठी सोपं केलं नाही. पुसणं मी काढलं, असंच म्हणाली. काढलं गेलं, असं म्हणाली नाही.

समोरून कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं, आणि ते कोपऱ्यावर वळेपर्यंत तिघी त्याचाच आवाज ऐकत राहिल्या.

"म्हणजे इतके दिवस," बाई शेवटी आईला म्हणाली, "माझं दुखणं तुम्ही वागवलंत."

"आणि तुम्ही माझं हसू घेऊन गेलात," आई म्हणाली. "चांगलं दिसत होतं तुम्हाला."

बाईच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा होता की दुसरा, ते तिलाही कळलं नसावं. आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, दोन पावलं गेली आणि वळली. तिच्या डोळ्यांत आता सरळ, उघडा संशय होता, आणि तो लेकीवरच रोखलेला होता.

"या वेळी जो फोटो निघेल तो माझाच असेल कशावरून?"

आत एक्स-रेच्या खोलीत शंकासुर सकाळपासून बसला होता, नव्या दुरुस्तीसह, हाताची घडी घालून. कोपरा आता भरला जात होता आणि प्रत्येक डबा वापरायच्या आधी पुसला जात होता. तरी चौकडी काढायला त्याने नकार दिला होता; राहू दे, म्हणाला होता, कोणी काही सोडलंच तर दिसेल. डॉक्टरबाईंनाही ते पटलं होतं. कच्चा फोटो त्या शेजारच्या पडद्यावर उघडा ठेवणार होत्या, दोन्ही एकमेकांना लागून.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," लेक म्हणाली. "चला, दोन्ही पडदे तुम्हाला दिसतील असे लावून घेऊ. तुम्ही स्वतःच बघा."

बाईने तिच्याकडे नीट निरखून बघितलं, घेतलेलं कापड उजेडात धरून बघावं तसं. मग पिवळी छत्री आईच्या मांडीवर ठेवली.

"ही सांभाळा. विसरून जाईन मी."

"मी इथेच आहे," आई म्हणाली.

दोघी आत गेल्या. बाकड्यावर आईने छत्रीची एक निसटलेली काडी चाचपली, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि टाका घालायला लागली. ओठांत तेच जुनं गाणं होतं, पण दुसरी ओळ तिला नव्याने जोडावी लागली, कारण या खेपेला मनात लेक एकटी नव्हती.

सुई गं चालते, धागा तिच्या पाठोपाठ,
आत गेली बाई, जीव माझा पाठोपाठ.

आत कळ दाबल्याचा आवाज झाला. फोटो यायला आधीपेक्षा एक श्वास जास्त लागला, डबा पुसण्यापुरता.